पूर, तवक्कुल आणि अमानत





2021 साली आपल्या देशात ईदुल अजहा 21 जुलै रोजी साजरी झाली. त्याच रात्री कोकणात पावसाने थैमान घातले आणि दुसऱ्या दिवशी, 22 जुलै रोजी, वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडविले. अशा प्रसंगानंतर आपल्या वस्त्यांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘अल्लाहची मर्जी, त्यापुढे माणूस काय करणार?’ दुसरे, ‘हा त्या लोकांवरचा अजाब होता.’ पहिल्या वाक्यामागे बहुधा आळस असतो. दुसरे वाक्य मात्र मोठ्या धाडसाचे आहे.

मक्का शहर ओसाड डोंगरांमधील दरीत वसले आहे. डोंगरांवर पाऊस कोसळला की पाणी थेट हरमच्या दिशेने धावत येते. प्रेषित्वापूर्वी काबागृहाच्या भिंती अशाच पुराने खिळखिळ्या झाल्या होत्या. कुरैशांनी त्या नव्याने बांधल्या आणि त्याच बांधकामात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरे अस्वद आपल्या हातांनी जागी बसविला. पुढे ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी 17 मध्ये, आलेल्या पुराने मकामे इब्राहीम जागेवरून वाहून नेला. ह. उमर (रजि.) मदीनेहून मक्केस आले, तो पत्थर मूळ स्थानी बसविला आणि शहराच्या वरच्या अंगाला बांध घालून पाण्याची वाट वळविली. साक्षात अल्लाहच्या घरात पाणी शिरले असताना, एखाद्या गरीब विधवेच्या बुडालेल्या खोलीला अजाब ठरविणारे आपण कोण? सबाच्या लोकांचे धरण त्यांच्या कृतघ्नतेमुळे फुटले हे खरे. पण ते आपल्याला दिव्य कुरआनने सांगितले. शेजाऱ्याच्या घराविषयी आपल्यावर कोणतीही वह्य उतरलेली नाही.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. ह. नूह (अलै.) यांनी नौका बांधली तेव्हा पुराचे चिन्हही नव्हते, लोक येता-जाता त्यांची थट्टा करीत. तरीही अल्लाहच्या आदेशाने त्यांच्या हातांचे काम चालूच राहिले. उंट बांधू की अल्लाहवर विसंबून मोकळा सोडू, असे विचारणाऱ्यास पैगंबरांनी (स.) आधी बांधण्यास व मग विसंबण्यास सांगितले. आकाशात काळे ढग दाटले की स्वतः पैगंबरांच्या (स.) चेहऱ्यावर चिंता उमटे, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात. तेव्हा तयारी करणाऱ्यास ईमानाने दुबळा समजू नये.

कोकणच्या खाडीकाठी ही तयारी चांद्रमासाशी जोडलेली आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, भरतीचे पाणी खाडीतून वर चढते आणि नदीच्या पाण्याचा निचरा अडतो. चंद्राच्या तारखा आपल्या घरी रमजान-ईदसाठी मोजल्या जातातच. पावसाळ्यात महिन्याच्या चौदाव्या-पंधराव्या व अखेरच्या तारखांना मुसळधार पाऊस असेल, तर त्या रात्री एकाने जागे राहावे. इतर दिवशीही निर्धास्त राहू नये. 2005 च्या जुलैचे पाणी आपल्या उंबऱ्याशी थांबले म्हणून पुढचेही तेथेच थांबेल, असा करार कोणत्याही नदीने केलेला नाही.

वर काय न्यावे, याचा क्रम आधी ठरलेला असावा. माणसे प्रथम: वृद्ध, आजारी, मुले आणि त्यांची औषधे. गुरांची दावी सोडावीत. मुक्या जिवाला बांधून ठेवून बुडू देण्याचा जाब द्यावा लागेल. त्यानंतर, माझ्या मते, स्वतःच्या दागिन्यांआधी दुसऱ्याची अमानत. कोणाचे ठेवायला दिलेले सोने, मशिदीच्या चंद्याची पेटी, वक्फचे कागद, उधारीच्या नोंदी. कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये आहे. तो कागद भिजून नष्ट झाला तर घेणेकऱ्याचा हक्क बुडण्याची भीती असते. निकाहनामा, सातबारा, शिधापत्रिका हे सारे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मे महिन्यातच माळ्यावर ठेवावे. पिण्याचे पाणी आधी भरून ठेवावे. पाणी अंगणात दिसताच, ते आत शिरण्यापूर्वी, विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधावा. अशा पावसात मशिदीत जाण्याचा हट्टही नको. मुसळधार पावसात घरीच नमाज अदा करा, अशी घोषणा अजानमध्ये करण्याची सवलत हदीसमध्ये आलेली आहे.

पाणी ओसरल्यावर घाई घात करते. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. पंचनाम्यासाठी आधी छायाचित्रे घ्यावीत आणि नुकसान जेवढे झाले तेवढेच सांगावे. सरकारी मदतीतील खोटा आकडा म्हणजे दुसऱ्या पूरग्रस्ताचा घास. गाळ ओला असतानाच उपसावा, पण अनवाणी नव्हे: उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. ताप आल्यास पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दुकानदार बंधूंनी अडचणीतील देणेकऱ्यास सवड द्यावी, माफ केले तर अधिक उत्तम, असे कुरआनच सांगतो. ज्याचे सारे गेले तो सधनही असेल. त्याला रांगेत उभे करून, फोटो काढून धान्य देऊ नये. रात्री दाराशी ठेवून यावे.

भिजलेले कुरआनचे ग्रंथ पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरे कागद घालून वाळतात. घाईने उलटली तर पाने फाटतात. जे वाचण्याजोगे राहिले नाहीत ते गाळाच्या ढिगावर जाता कामा नयेत. स्वच्छ कापडात गुंडाळून, जेथे कोणाचे पाऊल पडत नाही अशा जागी पुरावेत.