लेकुरवाळ्या घरातील उपासना



श्रींच्या दर्शनास वर्षभर जे भाविक येतात, त्यांत लहान मुले बरोबर घेऊन आलेल्या कुटुंबांचा भरणा मोठा असतो. कोणी जावळ काढण्यासाठी आलेले असते, कोणी उष्टावणाचा पहिला घास प्रसादाचा असावा म्हणून, तर कोणी बोललेला नवस फेडावयास. या कुटुंबांतील मातांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : “लग्नाआधी माझे सगळे नेमाने चालत असे. मूल झाल्यापासून देवाचे काही म्हणून होत नाही.” हे वाक्य सहज बोलले जात नाही. त्यामागे अपराधाची टोचणी असते. कुणाचे गुरुचरित्राचे पारायण तिसऱ्या दिवशी मुलाच्या तापामुळे राहिलेले असते. कुणाच्या देव्हाऱ्यात दुपारचे बारा वाजले तरी निर्माल्य तसेच असते. आपल्या हातून सेवा खंडित झाली, आता त्याचा दोष मुलालाच तर लागणार नाही ना, अशी भीतीही काही जणी मनात बाळगून असतात.

अशा घरातील सकाळ कशी असते, हे सांगावयास नकोच. एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोळीचा तवा. थोरल्याचा डबा भरावयाचा, शाळेच्या रिक्षाचा भोंगा वाजण्यापूर्वी त्याचा हरवलेला मोजा शोधावयाचा. धाकटे जागे होऊन रडू लागलेले. न्हाऊन देवापुढे बसावे, तर समईची वात लावेपर्यंत ते रांगत येऊन हळदीकुंकवाचा करंडा उपडा करते. घंटी त्याला हवी असते, नैवेद्याची साखर तर हवीच असते. आरती अर्ध्यावर सोडून उठावे लागते आणि त्या दिवशीची पूजा तेथेच संपते. या सकाळीकडे शास्त्र आणि संतपरंपरा कोणत्या दृष्टीने पाहते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

घरात मूल जन्मास आले की सोयर येते आणि दहा दिवस घरातील देवपूजा बंद राहते, हे सर्वश्रुत आहे. पूजा थांबविण्याची आज्ञा शास्त्रानेच केलेली आहे. त्या दहा दिवसांत सेवा खंडित झाली म्हणून कोणी डोळ्यांतून पाणी काढीत नाही. मग अकराव्या दिवसापासून पूर्वीचा सगळा नेम जसाच्या तसा उभा राहावा, ही अपेक्षा कोठून आली? ती शास्त्रातून आलेली दिसत नाही. बाळंतिणीचे अंग अजून सावरलेले नसते, रात्रीची झोप नसते. षोडश संस्कारांतील पहिल्या वर्षांचे संस्कार पाहिले, तर चौथ्या महिन्यात बाळाला घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडवावे, सहाव्या महिन्यात अन्न भरवावे, पुढे यथाकाल जावळ काढावे, असा क्रम आढळतो. बाळाचे ऊन, बाळाचा घास, बाळाचे केस! ऋषींनी या साध्या गोष्टींना मंत्र दिले आणि होमाची जोड दिली. ज्याला आपण संसाराचा व्याप म्हणतो, त्यालाच त्यांनी धर्मकार्यात स्थान दिले.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील नववा अध्याय लेकुरवाळ्या मातेने एकदा तरी सावकाश वाचावा किंवा कोणाकडून ऐकावा. प्रसंग नंदाघरच्या सकाळचा आहे. दासी अन्य कामात गुंतल्यामुळे यशोदामाता स्वतःच ताक घुसळावयास बसली आहे आणि घुसळता घुसळता आपल्या बाळाच्या लीला गात आहे. म्हणजे हाताने काम, मुखाने नामस्मरण. उपासना अगदी यथासांग चाललेली! तेवढ्यात बाळकृष्णाला भूक लागते. तो येऊन रवीच धरतो आणि घुसळण बंद पाडतो. यशोदा त्याला मांडीवर घेऊन पाजू लागते, तोच चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. बाळाचे पोट भरले नसतानाच त्याला खाली ठेवून ती चुलीकडे धावते. बाळाला राग येतो. तो दगडाने दह्याचे मडके फोडतो आणि आत जाऊन लोणी खातो. यशोदा परत येते तो स्वारी पालथ्या उखळावर बसून माकडाला लोणी वाटीत आहे.

भागवतकारांनी हे सारे किती बारकाईने टिपले आहे! उतू जाणारे दूध आणि अर्धपोटी राहिलेले मूल, यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग ज्या घरात येत नाही असे घर नसेल. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यशोदेचे भजन ज्याने थांबविले तो स्वतः भगवंतच होता. ज्याच्या लीला ती गात होती, तोच भुकेला होऊन आला आणि त्याने रवी धरली. तिने “थांब, माझे गाणे पुरे होऊ दे” असे म्हटले नाही.

पुढे ती छडी घेऊन त्याच्या मागे धावते आणि त्याला पकडते. काजळाचे डोळे चोळीत तो रडू लागतो. आपले लेकरू भ्यालेले आहे हे ध्यानी येताच ती माउली छडी फेकून देते. मग त्याला उखळाला बांधावयास जाते, तर दोरी दोन बोटे कमी पडते. दुसरी जोडली तरी दोन बोटे कमी, तिसरी जोडली तरी तेच. घरातील सगळी दावी संपतात, गौळणी हसू लागतात. आई घामाघूम झाली, तिच्या केसांतील फुले गळून पडली, हे पाहून भगवंत स्वतःहून बांधला जातो. म्हणून तो दामोदर. योग्यांच्या ध्यानाला जो सहजी सापडत नाही, तो एका थकलेल्या आईच्या दोरीत सापडला. ब्रह्मदेवाला, शंकराला आणि प्रत्यक्ष लक्ष्मीलाही असा प्रसाद मिळाला नाही, असा निर्वाळा त्या अध्यायात दिलेला आहे. भगवंताने यशोदेचे व्रत पाहिले नाही, दानही पाहिले नाही. त्याने तिचा शिणवटा पाहिला.

महाराष्ट्राचे आराध्य दैवत तर वाट पाहणारेच दैवत आहे. पुंडलिकाच्या दारी देव आला तेव्हा तो मातापित्यांच्या सेवेत होता. हातातील सेवा न सोडता त्याने मागे वीट सरकविली आणि देवाला थांबावयास सांगितले. देव रुसला नाही, परत गेला नाही. कटीवर कर ठेवून तो विटेवर उभा राहिला. ती सेवा आईवडिलांची होती, लेकरांची नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु घरातील दुबळ्या जीवाची सेवा चालू असताना देवाला थांबविता येते, आणि तो आनंदाने थांबतो, हे त्या विटेने कायमचे सांगून ठेवले आहे. संत जनाबाईंना तर विठ्ठल अंगाखांद्यावर संतांची लेकरे वागविणारा कुटुंबवत्सल पिताच दिसला. ज्याचे स्वतःचे अंगण मुलांनी भरलेले आहे, तो दुसऱ्याच्या घरातील पसाऱ्यावर कसा रागावेल?

आता पुरुष भाविकांसाठी काही स्पष्ट सांगणे भाग आहे. अनेक घरांत असे दिसते, की यजमान सोवळे नेसून तास दीड तास पूजेला बसतात, दार लोटून घेतात आणि तेवढा वेळ मुलांचा सारा गोंधळ एकट्या गृहिणीच्या अंगावर पडतो. मूल “बाबा” म्हणून धावत आले तर “सोवळ्यात आहे, शिवू नकोस” म्हणून त्याला दटावले जाते. अशा पूजेचे पुण्य कितपत पदरी पडते, हे देवच जाणे. संत नामदेवांच्या गाथेत त्यांची माता गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावाचे अभंग आहेत. त्यांत भक्तीचा महिमा कमी आणि तक्रार अधिक आहे. घरात खावयास नाही, मुलाबाळांकडे पाहावयाचे कोणी, हा त्यांचा प्रश्न आहे. वारकरी परंपरेने ही तक्रार झाकून ठेवली नाही. नामदेवांच्या अभंगांबरोबर तीही जपली. राजाईचा प्रश्न परंपरेला खोटा वाटला असता, तर तो आज आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता.

तुकोबारायांच्या पत्नी जिजाई यांना कीर्तनांतून पुष्कळदा कजाग म्हणून रंगविले जाते आणि श्रोते हसतात. या हसण्याला आवर घालावयास हवा. पदरी मुले असताना, घरचा व्यवहार बुडालेला असताना, ही माउली भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत असे. वाटेत तिच्या पायात काटा रुतला तेव्हा तो काढावयास पांडुरंग आला, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. इ. स. १६५० मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले त्या वेळी धाकटा नारायण अजून जन्मासही आला नव्हता. त्याला जिजाईने वाढविले. त्याच नारायणबाबांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली. आज आषाढीला लक्षावधी पावले ज्या पालखीमागून चालतात, त्या पालखीच्या आरंभी एका आईने एकटीने काढलेली वर्षे आहेत.

सोवळ्याचा प्रश्न पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपल्या वागणुकीनेच सोडविला. नाथ गृहस्थाश्रमी होते. पत्नी गिरिजाबाई, मुले, नित्याची पूजा, ग्रंथलेखन आणि दारी येणारा अतिथी, असे भरलेले घर होते. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत चुकलेले एक अस्पृश्य मानलेल्या घरातील मूल पोळून रडत असता नाथांनी त्याला कडेवर उचलून घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले. त्या काळी याची केवढी किंमत मोजावी लागे, हे निराळे सांगावयास नको. परक्याच्या लेकरासाठी ज्यांनी सोवळ्याची पर्वा केली नाही, त्यांचे नाव घेणाऱ्याने स्वतःच्या लेकराला सोवळ्याच्या नावाखाली दूर लोटू नये. पूजा अर्ध्या तासाची करावी आणि उरलेल्या अर्ध्या तासात धाकट्याला खेळवावे, म्हणजे त्याच्या आईला निदान शांतपणे दोन घास खाता येतील.

आणखी एक सवय आपल्या घरांत फार रुजली आहे. मूल ऐकेनासे झाले की “देवबाप्पा कान कापील”, “बाप्पा शिक्षा करील” असे सांगितले जाते. तात्पुरते काम होते. परंतु ज्याच्यापाशी त्या जीवाने पुढे आयुष्यभर धाव घ्यावयाची, त्याची पहिली ओळख आपण शिपायासारखी करून देतो. ज्या यशोदेने भ्यालेले लेकरू पाहून हातातील छडी टाकली, तिच्या बाळाच्या नावाने आपण मुलांवर छडी उगारावी, हे शोभणारे नाही.

बाल नामदेवाच्या घरी निराळे वळण होते. वडील दामाशेटी घरी नसताना नैवेद्य घेऊन देवळात जाण्याचे काम त्या लहानग्यावर आले. त्याने ताट ठेवले आणि देव जेवत नाही हे पाहून रडून आकांत मांडला. नैवेद्य दाखवून ताट परत आणावयाचे असते, हे मोठ्यांचे शहाणपण त्याला ठाऊकच नव्हते. देव भुकेला असतो आणि आपण दिले तर तो खातो, एवढेच त्याने घरात पाहून ओळखले होते. शेवटी देवाला जेवावे लागले. ही श्रद्धा पाठांतराने येत नाही. रोज दिवेलागणीला दोन मिनिटे मुलाला जवळ घेऊन दिवा दाखवावा, एक फूल त्याच्या हाताने वाहू द्यावे, ते उलटे वाहिले तरी सरळ करू नये. ताटातला पहिला घास काढून ठेवताना तो कोणासाठी, हे त्याने विचारले की सांगावे. श्लोक पुढे होतील. पारायणही होईल, मुले शाळेत रमू लागली, की पोथी पुन्हा उघडावयास वेळ मिळतोच. मधली पाचसात वर्षे नामस्मरण स्वयंपाकाच्या ओट्याशी आणि पाळण्याच्या दोरीशी झाले, तर त्यात न्यून मानण्याचे कारण नाही.

देवदर्शनास येताना मुलांना घरी ठेवून यावे लागेल असा संकोच कोणी बाळगू नये. मूल सभामंडपात धावणार, घंटेकडे बोट दाखवून उचलून घे म्हणणार, दर्शनबारीत कंटाळून रडणार, हे गृहीत धरावे. बारीत त्याला मध्येच पाणी पाजावे, भूक लागली तर खाऊ द्यावा. लहानग्याला उपवास नसतो. मागे उभ्या असलेल्या भाविकांनी कपाळाला आठ्या न घालता अशा मातेला चार पावले पुढे जाऊ द्यावे. गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर तिच्या कडेवर मूल असते आणि नमस्कारासाठी एकच हात उरतो. शेजारी तिचे यजमान, सासूबाई किंवा कोणी वडीलधारे असतील, तर त्यांनी आपले दर्शन झाल्याबरोबर मुलाला तिच्याकडून घ्यावे आणि तिला दोन्ही हात जोडून क्षणभर श्रींच्या मुखाकडे पाहू द्यावे.