पणाला लावलेले कोणाचे?

ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते मंजूर केले, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, फरक केलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यांनाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

त्यानंतर जी चर्चा झाली ती मी जमेल तेवढी वाचली. तिच्यात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. रमी हा जुगार आहे की कौशल्याचा खेळ? सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे हे सरकारने का ठरवावे? आणि बंदीने बुडणारा कर व रोजगार यांचे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मला वाटते, या तिन्हींच्या आधीचा एक प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे आणि तो या चर्चेत कोणी विचारताना दिसला नाही.

आधी कौशल्याकडे पाहू. हा वाद न्यायालयांत सुरू झाला तो शब्दकोड्यांवरून. बंगळुरातून निघणाऱ्या एका साप्ताहिकात बक्षिसांची शब्दकोडी येत आणि त्याचा मोठा खप तेव्हाच्या मुंबई राज्यात होता. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण त्याला नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचा उल्लेख त्या निकालात आहे. मात्र ज्यात कौशल्याचा वाटा मोठा आहे त्या स्पर्धा वेगळ्या, असेही तेव्हाच ठरले. पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबचे प्रकरण आले. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, डाव रचावा लागतो, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे न्यायालयाने म्हटले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रमीच्या अॅपचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा राहिला.

पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली होती. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा किंवा जागेचा मालक स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे चार माणसे रमी खेळत बसली आहेत एवढ्याने काही बिघडत नाही. त्यांनी खेळत राहावे यात ज्याचा फायदा आहे असा पाचवा माणूस खोलीत आहे का, हे पाहायचे. निकालाचा पहिला भाग सर्वांनी उचलला आणि हा दुसरा भाग मागे राहिला. डॉक्टरकीलाही कौशल्य लागते आणि खिसा कापायलाही लागते. कौशल्य आहे एवढ्यावरून कृत्याची नीती ठरत नाही.

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. माझ्या मते बंदीच्या विरोधातला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणूस शेअर बाजारात पैसे घालवतो, दारूत घालवतो, लग्नाच्या मांडवात एका दिवसात घालवतो. घोड्यांच्या शर्यती इथे हैदराबादेत मलकपेटला होतात, मुंबईत महालक्ष्मीला होतात, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याही कौशल्यात बसवल्या. मग मोबाइलवर दोनशे रुपये लावणाऱ्यालाच वेगळा न्याय का? स्वतःचे नुकसान करून घेण्याचा हक्क ज्याला नाही, तो खरोखर स्वतंत्र आहे का?

याचे उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा कर्जाच्या अर्जांमध्ये दिसले. हैदराबादेतल्या एका नोकरदारांच्या पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी नऊ वर्षे काम केले. आमच्याकडे कर्जाला दोन जामीनदार लागतात, सहसा त्याच खात्यातले सहकारी. तीसेक वर्षांच्या एका तंत्रज्ञाने घरदुरुस्तीसाठी म्हणून दोन लाख घेतले आणि पाचव्या महिन्यापासून हप्ते थांबले. त्याचे बँकेचे स्टेटमेंट आमच्यापुढे आले तेव्हा त्यात रात्री एक ते तीनच्या दरम्यानच्या नोंदींची रांग होती. पाचशे, पाचशे, दोन हजार, पुन्हा पाचशे, पाच हजार. प्रत्येक वेळी पैसे गेले होते वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या नावावर. ती भाड्याने घेतलेली खाती होती. आज हे, उद्या ते. क्रिकेटवर पैसे लावण्याची ती परदेशातली साइट होती आणि खात्याचा नंबर दर वेळी टेलिग्रामवर येत असे. नियमाप्रमाणे हप्ता जामीनदारांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. त्यांतला वयाने मोठा जामीनदार समितीपुढे येऊन एवढेच म्हणाला, “सर, मी आयुष्यात पत्ता हातात धरला नाही. मग हरलो कसा?”

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? शकुनी कपटाने खेळला का, युधिष्ठिराला फासे नीट टाकता येत होते का, तो स्वखुशीने बसला होता का, यांतले काहीच या प्रश्नात नव्हते. जे पणाला लावले ते लावण्याचा त्याला अधिकार होता का, एवढेच त्यात विचारले होते. भीष्मांना उत्तर देता आले नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भर सभेत हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानली आहे, कारण कोणतेही उत्तर आले तरी तिची सुटका नव्हती. तिच्यापुरते ते खरे असेल. पण तिची सुटका झाली नाही म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. जुगाराविषयीच्या कोणत्याही कायद्याला आधी हाच प्रश्न विचारायला हवा असे मला वाटते.

‘स्वतःचा पैसा’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत फार क्वचित खरा असतो. पगार एकाच्या नावावर येतो, पण त्यात घरभाडे असते, मुलाची फी असते, गावी पाठवायची रक्कम असते, सोसायटीचा हप्ता असतो. ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांना खेळाची खबरही नसते. ऋग्वेदातला तो जुगारी तरी सांगतो की सासू तोंड पाहत नाही आणि आईबाप-भाऊ म्हणतात आम्ही याला ओळखत नाही. म्हणजे निदान त्यांना कळलेले होते.

कोणी म्हणेल, दारूचे आणि शेअरचेही असेच आहे. काही अंशी आहेच. पण इथे एक फरक आहे. मुंबईचा मटका आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर चालला आणि नंतर आकड्यांवर. ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये काही तास जात. चिठ्ठी द्यायला अड्ड्यावर जावे लागे, जाताना शेजारी पाहत आणि खिशात असेल तेवढेच जाई. अंतर, वाट पाहणे आणि लाज ही तीन कुंपणे होती. चांगली माणसे ती ओलांडत नसत असे नाही, पण ओलांडायला वेळ लागे आणि त्या वेळात घरातल्यांना सुगावा लागे. फोनने तिन्ही कुंपणे काढली. डाव मिनिटात संपतो, पैसे यूपीआयने क्षणात जातात आणि खिसा रिकामा झाला तर त्याच फोनवर दुसरे अॅप कर्ज द्यायला तयार असते. दारूच्या नशेचा वास येतो. याचा येत नाही.

म्हणून खेळ चालवणाऱ्याला गुन्हेगार आणि खेळणाऱ्याला पीडित मानण्याची या कायद्याची दिशा मला बरोबर वाटते. कौशल्य की नशीब या वादातून बाहेर पडणेही बरोबर. पण दिशा बरोबर असणे आणि परिणाम होणे यांत फरक असतो, आणि तो आम्ही तेलंगणात पाहिला आहे. आमच्या राज्याने ऑनलाइन रमीवर २०१७ मध्येच बंदी घातली. मोठ्या अॅपच्या जाहिरातींत शेवटी घाईघाईने वाचल्या जाणाऱ्या ओळींत तेलंगणाचे नाव वगळलेल्या राज्यांमध्ये येऊ लागले. तरी आत्महत्यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. मार्च २०२५ मध्ये बेटिंग अॅपची जाहिरात केल्याबद्दल पोलिसांनी इथल्या कलाकारांवर आणि समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध लोकांवर गुन्हे नोंदवले. म्हणजे बंदीच्या आठव्या वर्षीही जाहिराती चालू होत्या. आमच्या त्या तंत्रज्ञाचे पैसे बंदी असलेल्या राज्यातूनच गेले. देशभर बंदी आल्यावर भारतात नोंदलेल्या, कर भरणाऱ्या कंपन्या बंद होतील हे नक्की. त्यांचे बहुतेक गिऱ्हाईक हळूहळू खेळ सोडेल, कारण सोय गेली की सवय सुटते. पण जो सर्वांत खोल बुडाला आहे तो भाड्याच्या खात्यांकडे वळेल. तिथे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच उरत नाही.

ही अडचण नवी नाही. मनुस्मृती राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करायला सांगते. कौटिल्य मात्र द्यूताध्यक्ष नेमतो, एकाच ठिकाणी खेळायला लावतो, इतरत्र खेळणाऱ्याला दंड करतो आणि जिंकलेल्याकडून शेकडा पाच घेतो. चोरून जगणारे लोक त्यामुळे नजरेत राहतात, हा त्याचा हिशेब. बंदी की नियमन, हा वाद आपल्याकडे दोन हजार वर्षांचा आहे. कौटिल्याच्या मार्गात एक धोका आहे: शेकडा पाच मिळू लागले की राजालाच खेळ चालू राहण्यात रस निर्माण होतो. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. सिकंदराबादच्या निकालातला तो पाचवा माणूस तेव्हा सरकार स्वतः होते. लॉटरीच्या बाबतीत ते आजही आहे. केरळची लॉटरी १९६७ पासून आणि महाराष्ट्राची १९६९ पासून चालू आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रात कसिनोच्या बोटी परवान्यानिशी उभ्या आहेत. तिकीट विकत घेणाऱ्या मजुराच्या घरातही पैसा एकट्याचा नसतो. द्रौपदीचा प्रश्न फोनपुरता ठेवायचा आणि तिकिटाच्या टपरीवर विचारायचा नाही, हे मला पटत नाही.

आणि खेळ थांबला तरी कर्ज थांबत नाही. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे ४५ कोटी लोकांचे वर्षाला २० हजार कोटी रुपये या खेळांत जात होते. त्यातले किती उसने होते, त्याला जामीन कोण होते आणि कोणाचे दागिने गहाण पडले, हे त्या आकड्यात नाही. नव्या कायद्यात मागच्या कर्जाविषयी काही नाही. इथे मुंबई प्रांताचा एक जुना कायदा आठवतो. पैजेचा करार न्यायालयात वसूल होत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यात देशभरासाठी आहे. पण पैजेसाठी दिलेले कर्ज किंवा तारण मात्र इतरत्र वसूल होऊ शकते. मुंबई प्रांताने १८६५ मध्येच एक पाऊल पुढे टाकले होते: पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला करार आणि तिच्यासाठी दिलेले तारण वा हमी, हेही रद्दबातल. आजचा कर्ज देणारा अॅपवाला त्यात सापडेलच असे नाही, कारण पैसे कशाला हवेत हे तो विचारतच नाही. पण न विचारणे हाच आज त्याचा धंदा आहे. रात्री दोन वाजता, तासात तिसऱ्यांदा कर्ज मागणाऱ्याला ते देणारा ‘मला माहीत नव्हते’ म्हणत असेल, तर ते मान्य करू नये असे १८६५ च्या त्या तत्त्वाच्या आधाराने म्हणता येईल.

कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या. तिथे कौशल्याची चर्चा होईल, केंद्र-राज्य अधिकारांची होईल, कारण राज्यघटनेत जुगार हा राज्यांचा विषय आहे. व्हायलाही हवी. कायदा टिकला तर अॅप बंद राहतील आणि काही घरे वाचतील. त्यासाठी मी तरी तो टिकावा असेच म्हणेन. पण त्याच्या पुढचे काम संसदेचे आणि थोडे आमच्यासारख्या पतसंस्थांचेही आहे: जामिनावर सही घेण्यापूर्वी जामीनदाराला कर्जदाराचे गेल्या सहा महिन्यांचे व्यवहार दाखवणे, घरातल्या दुसऱ्या माणसाला कर्जाची माहिती देणे, बुडालेल्याला हप्ते लांबवून देणे. या नियमांना खासगीपणाच्या नावाने विरोध होतो. माझ्या समितीतही झाला आणि तो विरोध पोकळ नाही. मात्र ज्याच्या पगारातून हप्ता कापला जाणार आहे, त्याला आधी विचारले पाहिजे.