आवडत्या डिस्कवर हक्क कुणाचा?

माझ्याकडे एक डिस्क आहे. निळी, प्लास्टिकची, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, वजनाला १७२ ग्रॅम. मॉडेलचं नाव टीबर्ड, बनवणारी कंपनी अमेरिकेतली इनोव्हा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी येताना आणली. तिच्याबद्दल मी इतकं बोललोय की डहाणूतले माझे मित्र आता विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठतात. तुम्ही मोबाइलवर वाचताय, तुम्हाला उठायचीही गरज नाही. अंगठा सरकवला की सुटका. पण जरा थांबा. डिस्कबद्दल तर मी बोलणारच आहे, पण मला एक प्रश्नही पडलाय: एखाद्या वस्तूवर जीव असणं, हा त्या वस्तूवरचा हक्क ठरतो का?

आधी खेळ. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडू-काठीऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत डिस्क टोपलीत घालायची. साधी फ्रिसबी सगळ्यांना माहीत असते. व्हॅम-ओ या कंपनीने ती १९५७ मध्ये बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीत तिच्यात सुधारणा करणाऱ्या एड हेड्रिक यांनी डिस्क गोल्फला आजचं रूप दिलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं कायमचं मैदान, १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना, हे त्यांचंच काम. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून काही डिस्क तयार केल्या गेल्या. माझ्या वेडाला मित्र हसले की मी हे उदाहरण देतो. ते आणखी हसतात.

फ्रिसबीची कड जाड आणि गोल असते. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी ती तिरकी, धार लावल्यासारखी केली आणि डिस्क हवा कापत लांब जायला लागली. तिथून प्रकार फुटत गेले. जवळून टोपलीत टाकायची ती पटर, मधल्या अंतराची ती मिडरेंज, लांबची ती ड्रायव्हर. ड्रायव्हरमध्येही दोन घराणी: डिस्टन्स आणि फेअरवे. डिस्टन्स ड्रायव्हरला जोरकस हात लागतो; तेवढा वेग मिळाला नाही तर ती थोडी उडते आणि डावीकडे मान टाकते. फेअरवे ड्रायव्हर दहा-पंधरा मीटर कमी जाईल, पण सांगितलं तिथे जाईल. हात वाकडा सुटला तर वाकडीच जाईल आणि का वाकडी गेली तेही दाखवेल. यूट्यूबवर सगळे डिस्टन्सच्या मागे असतात. मला ते नव्या गाडीचा वेग बोलून दाखवणाऱ्या माणसांसारखे वाटतात.

टीबर्डच्या ओळखीचे चार आकडे आहेत: ७, ५, ०, २. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे झुकण्याचा, चौथा शेवटी डावीकडे वळण्याचा. (उजव्या हाताने, छातीसमोरून हात नेऊन फेकणाऱ्यासाठी.) म्हणजे ही सरळ जाते आणि अगदी शेवटी हलकेच डावीकडे उतरते. जात होती, असं म्हणायला हवं. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र लांब मागे जातो, वाळू घट्ट होते, आणि सुरूच्या खोडाला बांधलेला सायकलचा टायर ही आमची टोपली. तीन वर्षांत या डिस्कने सुरूची खोडं आणि दगड भरपूर खाल्ले. कडेवर खाचा पडल्या, वाळूने पोट घासलं. असं झालं की डिस्कची उडण्याची चाल बदलते. वेगात असताना ती उजवीकडे जास्त झुकायला लागते. आता तिचे कंपनीचे चारही आकडे निरर्थक आहेत. तिचे खरे आकडे फक्त माझ्या मनगटाला माहीत आहेत.

त्यामुळे मावसभाऊ फोनवर म्हणाला, ‘अरे, अगदी तशीच नवी पाठवतो,’ तेव्हा मी म्हटलं, तशीच नाही मिळणार. हा भावनेचा मुद्दा नाही. साच्यातून हजारो निघतात, निघताना त्या एकसारख्या असतात. पण तीन वर्षं माझ्या हाताने, माझ्या समुद्राच्या वाऱ्यात, माझ्या चुकांवर आपटलेली एकच आहे. प्लास्टिकची स्वस्त वस्तूही अशी वापरता वापरता एकमेव होते, हे मला फार विलक्षण वाटतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या मोठ्या वारली चित्रकाराचं मुख्य अवजार काय, तर बांबूची एक काडी, टोक चावून मऊ केलेली. काडीला किंमत नाही. पण ती कुणाच्या दातांनी, किती चावली, यावर रेघ ठरते.

आपल्याकडे वस्तूंचे उपकार मानायची रीत आहेच. खंडेनवमीला कोयता, शिलाईमशीन, रिक्षा, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. नारळी पौर्णिमेला होड्या सजतात. मला यात भाबडेपणा दिसत नाही. फक्त एक गोष्ट खटकते: आपण पूजा करतो ती आपल्याच मालकीच्या अवजाराची. कृतज्ञता आणि कब्जा एकाच ताटात ठेवलेले असतात, आणि कुठलं कुठलं ते पाहायची वेळ सहसा येत नाही.

माझ्यावर ती आली. दर रविवारी मी मोटरसायकलने तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर जातो. पोरं डिस्कला ‘थाळी’ म्हणतात. मी तिथे दोन टीबर्ड नेतो: माझी निळी, आणि मावसभावाने न ऐकता पाठवलेली नवी, नारिंगी. सातवीतला एक मुलगा आहे, सडपातळ, हाताला अजून जोर नाही, पण सोडण्याची वेळ अचूक. दिवाळीच्या सुट्टीत पाड्यावर न्यायला त्याला एक थाळी हवी होती. मी नारिंगी पुढे केली. तो म्हणाला, ‘दादा, मला ती जुनी दे ना.’

आता इथे एक प्रसिद्ध बासरी आठवते. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या पुस्तकात एक पेच मांडलाय. बासरी एक, मुलं तीन. एक म्हणते, मलाच वाजवता येते. दुसरा म्हणतो, माझ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरी म्हणते, मी ती महिनोन्‌महिने खपून बनवली. बासरी कुणाला द्यायची? सेन यांचं म्हणणं असं, की तिघांचीही बाजू भक्कम आहे. एकच एक निखळ न्याय्य उत्तर असेलच असं नाही. बासरीचा दाखला जुना आहे. उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला मिळावी, श्रीमंताला किंवा खानदानी माणसाला नव्हे, असं ॲरिस्टॉटलनेही म्हटलं होतं.

आमच्या भागात हा पेच तारप्यावर मांडून पाहा. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. वाजवणारा पुष्कळदा तो स्वतःच बनवतो, म्हणजे पहिला आणि तिसरा दावेदार एकच झाला. आणि तो वाजायला लागला की अख्खा पाडा त्याच्याभोवती फेर धरून नाचतो, म्हणजे दुसऱ्यालाही वाटा मिळाला. पेच मिटला नाही, पण सैल झाला. मात्र ‘मी बनवलं, म्हणून माझं’ हा दावा तलासरीत पुस्तकी म्हणून उडवून लावता येत नाही. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला तो याच भागात. गवत कापणारा हात एकाचा आणि गंजी दुसऱ्याची, ही व्यवस्था त्यांनी नाकारली. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता.

माझ्या डिस्कबाबत बनवणारा तर कुठे दूर कारखान्यात. उरले दोन दावे, वाजवता येण्याचा आणि काहीच नसण्याचा, आणि हे दोन्ही त्या मुलाचे होते. माझ्याकडे होता तो चौथा दावा, जो सेन यांच्या गोष्टीत नाही: माझा तिच्यावर जीव आहे.

हा दावा कमकुवत वाटतो, पण सहजी सोडू नका. शेतकऱ्याला पाडस विकताना होणारा त्रास, आजीने न मोडू दिलेली पितळेची कळशी, हे सगळं याच दाव्यावर उभं आहे. ‘किंमत देतो, दुसरी घे’ म्हणणाऱ्या माणसाला या दाव्यातलं काहीच कळत नाही, आणि आपल्या काळात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच आहे. मला जीव लावण्याच्या बाजूनेच बोलायचं आहे. फक्त तो कशासाठी कामी येतो, हा प्रश्न आहे.

मी त्या पोराची फेक पाहिली होती. त्याच्या हातातून नारिंगी डिस्क सुटली की पुरेशा वेगाअभावी पन्नास पावलांतच डावीकडे वळून बसायची. निळी झिजलेली, तिची डावी ओढ कमी झालेली; त्याच्या हातून ती सरळ, लांब जायची. उलट माझ्यासाठी दुपारच्या समुद्री वाऱ्यात ती आता हुकमी राहिली नव्हती. समोरचा वारा लागला की उजवीकडे उलटायची. हे मला कुठल्या आकड्यांवरून कळलं नाही. तिच्यावर जीव होता म्हणून कळलं. तिची खाच न् खाच ज्याला ठाऊक होती, त्यालाच हे सांगता येत होतं की ती आता कुणाच्या हातात चांगली उडेल. जो चौथा दावा मी स्वतःसाठी पुढे करत होतो, तोच त्या मुलाच्या बाजूने साक्ष देत होता. दावेदार म्हणून त्याचं वजन किती, मला सांगता येणार नाही. साक्षीदार म्हणून त्याच्याइतकं माहितगार तिथे कुणी नव्हतं.

मी निळी दिली. त्यात उदारपणा फारसा नव्हता. परतताना उधव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला ती परत मागावीशी वाटत होती. नारिंगीशी अजून माझं जमलेलं नाही. ती कंपनीने लिहिलं तसंच उडते, आणि त्याचाच मला कंटाळा येतो. सुरूची झाडं आहेत, होईल हळूहळू.

सुट्टीनंतरच्या रविवारी तो मुलगा मैदानाच्या कडेला उभा होता. डिस्क माझ्या हातात देण्याआधी त्याने ती उलटी केली, कडेवरच्या एका नव्या, खोल खाचेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘इथे दगड लागला. आता थोडी खाली धरून सोडायची, नाहीतर उजवीकडे जाते.’ मग फेकून दाखवली.