कोणत्या झाडाखाली?



एप्रिल-मे महिन्यात वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील फळबाजारात हापूस घ्यायला आलेला माणूस पाहा. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'देवगड' छापलेले असते, पण तेवढ्यावर तो खिशात हात घालत नाही. आंबा कुठला? कोणत्या गावचा? झाडावरून कधी उतरवला? पिकवला कशात? मग वरचा थर बाजूला करून खालचे फळ उचलतो, देठाजवळ नाक नेतो, साल दाबून बघतो. कर्नाटकातला आंबाही कोकणच्या नावाने खपवला जातो, हे त्याला ठाऊक असते. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यापुरतेच ते नाव राखून ठेवलेले आहे. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळ पिकवायलाही कायद्याने बंदी आहे. तरीसुद्धा गिऱ्हाईक विचारतेच. कांदा-बटाटा बाजारातही तेच. गोणीच्या तोंडाशी दिसणारा कांदा पाहून जाणता माणूस सौदा करत नाही, तो आत हात घालतो. आणि या प्रश्नांचा व्यापाऱ्याला राग येत नाही. काहीच न विचारणारा गिऱ्हाईक नवखा आहे, हे मात्र तो लगेच ओळखतो.

हाच माणूस रात्री जेवून मोबाईल हातात घेतो. कोणीतरी पाठवलेले असते : अमुक भागात मुले पळवणारी टोळी फिरते आहे, सावध राहा, सर्वांना कळवा. पाच डझन आंब्यांसाठी दहा प्रश्न विचारणारा हा गृहस्थ इथे एकही प्रश्न न विचारता तो मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर ढकलून झोपी जातो.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली होती, बहुतेक जण मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पाचही जण मेले. पळवलेले मूल मात्र कुठेच नव्हते. कोणाचे मूल हरवले आहे, एवढेच त्या गर्दीला विचारायचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला आली. आपल्या बोटाला आली की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

पवित्र शास्त्रात याच्या नेमकी उलट घडलेली एक घटना आहे. दानिएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील सुझान्नेची कथा आपण उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारच्या मिस्सामध्ये ऐकतो. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. ते वयाने मोठे, पदाने मोठे. त्यामुळे लोक विश्वास ठेवतात आणि तिला मरणाची शिक्षा होते. तिला मारायला नेत असताना दानिएल नावाचा एक तरुण ओरडतो. तो मोठे भाषण करत नाही. त्या दोघांना एकमेकांपासून दूर करायला सांगतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो : तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? एक मस्तकीचे झाड सांगतो, दुसरा ओकचे. एका निरपराध बाईचा जीव वाचतो.

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारणे उद्धटपणा समजतात. आदर ठेवावाच. पण त्या गर्दीला आदरच नडला होता, हेही विसरू नये. एखाद्यावर आरोप आला तर न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, असे मोशेचे नियमशास्त्रच अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात बजावते. आणि दानिएलचा प्रश्न बघा किती छोटा आहे. त्याला शिक्षण लागत नाही. कोणी पाहिले? कधी? कुठे? हे सांगणाऱ्याला कोणी सांगितले? माथाडी कामगारापासून कॉलेजच्या मुलापर्यंत कोणीही हे विचारू शकतो.

अर्थात प्रत्येक प्रश्न देवाकडून येतो असे नाही. एदेन बागेत सापानेही हव्वेला प्रश्नच विचारला होता आणि त्यात देवाचे बोलणे वाकडे करून घातले होते. टीव्हीवरच्या चर्चांत असे प्रश्न रोज ऐकू येतात. ज्याच्यावर संशय पाडायचा तो प्रश्नातच दोषी ठरलेला असतो. पिलाताने सत्य म्हणजे काय असे विचारले आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर निघून गेला. मला वाटते, खरी परीक्षा इथे आहे. विचारणारा उत्तरासाठी थांबतो का? आपल्या मनाविरुद्ध उत्तर आले तर ते ऐकून घेतो का? कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घेऊन लोक आले तेव्हा प्रभू येशूने एक नाणे मागितले आणि त्यावर कोणाचा मुखवटा आहे एवढेच विचारले. फसवायला आलेल्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून उत्तर द्यावे लागले.

घरात रोझरी झाल्यावर मुले काहीबाही विचारतात. "देवाने डास कशाला निर्माण केले?" असेही विचारतात. गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि पुढच्या रविवारी फादरांना गाठा. फादरांनाही येत नसेल तर तेही सांगतील. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असे संत लूक लिहितो. तीन दिवस शोधून दमलेल्या मरियेने त्याला विचारले की, तू आमच्याशी असा का वागलास? त्यावर त्याने आईलाच उलट प्रश्न केला. त्याचे बोलणे तिला आणि योसेफाला उमगले नाही. ती रागावली असे काही लूक सांगत नाही. तिने ते सारे आपल्या अंतःकरणात जपून ठेवले आणि तिघे नाझरेथला परत गेले.