काय धरू?

‘स्वावलंबन’ या विषयावर गेली वीस वर्षे मी मुलांना निबंध लिहायला लावीत आले आहे. मुलेही ते मोठ्या निष्ठेने लिहितात. ‘आपले काम आपणच करावे, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये,’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक वहीत भेटते. त्याविषयी शंका घ्यावी असे मला कधी वाटले नव्हते. ती घ्यायला माझ्या हातांनी लावले.

मला आमवात आहे. झिजेमुळे होणारा संधिवात बहुधा उतारवयात येतो. आमवात वयाची तितकीशी वाट पाहत नाही. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी तास-दीड तास मूठ मिटत नाही. दुखते तर खरेच. पण त्याहून चमत्कारिक वाटते ते हे, की घरातल्या वस्तू एकेक करून परक्या होतात. लोणच्याच्या बरणीचे झाकण, कुकरची मूठ, कुलपातली किल्ली, सांडशी! ज्यांच्याकडे कधी लक्षही दिले नव्हते, त्यांची आता मनधरणी करावी लागते.

या मनधरणीचेही एक शास्त्र आहे. बारीक दांडा धरायला बोटे फार आवळावी लागतात आणि चिमटीतला जोर अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी जाऊन बसतो. म्हणून झाऱ्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड करायचा. पातेले बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांवर तोलायचे. पिशवी कोपराशी अडकवायची. ओले फडके नळाला वळसा घालून पिळायचे. परातीखाली दमट कापड ठेवले की ती सरकत नाही, आणि कणीक तळव्याच्या मुळाने मळता येते. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीच्या दुखऱ्या हातांकडे पाहून जाड, मऊ मुठीचे सोलणे तयार करवले आणि १९९० साली बाजारात आणले. पुढे धडधाकट हातांनीही तेच पसंत केले. दुबळ्याची सोय केली की सबळाचीही होते, हे मला त्या सोलण्याने शिकवले.

पण युक्त्या संपतात तिथे माणसे लागतात. आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. “आई, सोड, मी करते!” मुलीच्या या शब्दांत माया काठोकाठ भरलेली असते. तरी प्रत्येक ‘सोड’बरोबर कामाखेरीज आणखीही काही हातातून जाते. मीठ किती, फोडणी केव्हा, कोणाला काय आवडते, हे ठरवण्याचा अधिकार हळूच निघून जातो. माणसाला विश्रांती मिळते आणि घरातली त्याची जागा मात्र जाते. उलट, उकळत्या आमटीचे पातेले मीच उतरवीन असा हट्ट धरणे हेही स्वावलंबन नव्हे. तो अहंकार, आणि त्याचा चटका शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही बसायचा.

मग काम कोणाचे म्हणायचे? जोर लावतो त्याचे, की ज्याचे मन त्यात असते त्याचे?

फ्रेंच चित्रकार रन्वार याला हाच विकार होता. अखेरच्या वर्षांत तो चाकाच्या खुर्चीत असे. बोटे वाकून गेलेली, तळव्याला कापडाच्या पट्ट्या. कुंचला त्याच्या हातात दुसऱ्याने द्यावा लागे. १९१९ साली वारला तोपर्यंत तो रंगवीत राहिला. त्या चित्रांना कुंचला देणाऱ्याची चित्रे असे कोणी म्हणत नाही. आणि कुंचला देणाऱ्यानेही त्याला ‘सोडा, मी काढतो,’ असे म्हटले नाही!

आमच्या घरी चकल्या होतात त्या याच न्यायाने. भाजणीत मोहन किती आणि तिखट किती, ते मी पाहते. सोऱ्याची मूठ मुलगा फिरवतो. मी खालचा कागद गोल फिरवीत जाते. काटा नीट आला नाही तर पीठ पुन्हा कसे मळायचे ते मी सांगते, मळते मुलगी. या चकल्या कोणाच्या, असा वाद घरात होत नाही. ताटलीही फार वेळ भरलेली राहत नाही.

मदतीचे दोन शब्द आहेत, एवढेच मला कळले आहे. एक ‘सोड’ आणि दुसरा ‘काय धरू?’. पहिल्याने काम लवकर उरकते. दुसऱ्याला थोडा वेळ लागतो. पण त्यात समोरच्याला विचारलेले असते, आणि विचारले जाणे हा माणसाचा फार मोठा मान आहे. फराळाच्या गडबडीत तुमच्याही स्वयंपाकघरात कोणी हात चोळीत उभे असेल. त्यांना विचारून पाहा.

ज्याला विचारले जाते त्याच्यावरही एक जबाबदारी येते. ‘काही नको,’ असे म्हणून तोंड फिरवायचे नाही. नेमके काय धरायचे ते सांगायचे. हे सांगणे दुखऱ्या हातांना लवकर शिकावे लागते. धडधाकट माणसाला पुष्कळदा जन्मभर जमत नाही.