निःशब्द आकाश आणि यंत्राचा सूर

आकाशाला संगीत आहे, असे माणूस फार पूर्वीपासून मानत आला. ग्रहांच्या गतीत सुरांसारखेच प्रमाण आहे, अशी ग्रीक तत्त्ववेत्ता पायथागोरस याच्या अनुयायांची धारणा होती. सहाव्या शतकातील बोएथियसने संगीताच्या तीन प्रकारांत या 'विश्वसंगीता'ला पहिले स्थान दिले आणि पुढे कित्येक शतके ख्रिस्ती विद्यापीठांतून ही शिकवण चालत राहिली. आज मात्र शाळेतला मुलगाही सांगेल की, ध्वनीला प्रवासासाठी हवेसारखे माध्यम लागते आणि ग्रहताऱ्यांमधल्या पोकळीत ते जवळजवळ नाहीच. तिथे एखादा तारा फुटला तरी आपल्या कानी काही येणार नाही. आकाश निःशब्द आहे.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'अवकाशसंगीत' निर्माण झाले, आणि तेही गळ्यातून वा तंतूतून नव्हे, तर विजेच्या यंत्रातून. जे निःशब्द आहे त्याला सूर देणे हे असत्य नव्हे काय? आणि यंत्रातून उमटलेल्या अशा सुराने माणसाचे मन सत्याकडे वळू शकते काय? हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील धर्मग्रामांतही तरुणांच्या हाती आज कीबोर्ड आले आहेत. त्यांतली एक कळ दाबली की अवकाशाचा म्हणून एक लांबच लांब घुमणारा आवाज निघतो. तो प्रार्थनेच्या वेळी वाजवावा काय, असे तरुण विचारतात. वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. दोघांनाही विचारपूर्वक उत्तर देणे लागते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतीय अवकाश संशोधन संस्थेची स्थापना झाली. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन वादक व संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर हे यंत्र बसवले. अवकाश कार्यक्रमाचे प्रवर्तक डॉ. विक्रम साराभाई आणि या ध्वनिशाळेत काम करणाऱ्या गीता साराभाई ही सख्खी भावंडे. एकाच घराण्यातून एका बाजूने अग्निबाण निघाला, तर दुसऱ्या बाजूने विजेचा सूर. त्या ध्वनिशाळेत आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा इत्यादींनी प्रयोग केले. जिनराज जोशीपुरा या तरुणाने तर आपल्या रचनेला 'स्पेस लायनर २००१' असेच नाव दिले. पुढे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी हे काम थंडावले आणि ध्वनिफिती कपाटात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मुंबईतही असेच घडले. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले.

आता या यंत्राचे स्वरूप पाहू. कारण आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या नावातच आहे. त्याला 'अ‍ॅनालॉग' म्हणतात, म्हणजे सादृश्याने चालणारे. त्यात ध्वनीचे आकडे साठवलेले नसतात. विजेचा दाब जसा चढतो-उतरतो, तसाच पुढे ध्वनिवर्धकाचा पडदा हलतो आणि हवा कंप पावते. मूगच्या यंत्रात दाब एक व्होल्ट वाढला की सूर एका सप्तकाने वर चढतो. एक भाग कंपने निर्माण करतो, दुसरा त्यांतील तीव्र उपस्वर गाळून टाकतो, तिसरा आवाज किती वेगाने उमटावा व विरावा हे ठरवतो. वादक हे भाग तारांनी हाताने जोडतो. उष्णता वाढली की सूर ढळतो आणि तंबोऱ्याप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. वीज म्हणजे ध्वनी नव्हे; ती ध्वनीसारखी वागते, एवढेच.

हा 'सारखेपणा' तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमका हाच प्रश्न देवाविषयी हाताळला. आपण देवाला 'चांगला' म्हणतो आणि माणसालाही 'चांगला' म्हणतो. हा शब्द दोन्ही ठिकाणी तंतोतंत एकाच अर्थाने घेतला, तर देव माणसाएवढा लहान होतो. सर्वस्वी भिन्न अर्थाने घेतला, तर देवाविषयी बोलणेच खुंटते. म्हणून अक्वायनस तिसरी वाट दाखवतात, ती सादृश्याची. त्याआधी, १२१५ साली, चौथ्या लॅटरन परिषदेने एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवली होती: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दिसले, तरी त्यांच्यातील भेद त्याहून मोठाच असतो.

आमच्या मते, खरे आणि खोटे यांचा निवाडा याच कसोटीवर व्हावा. गडचिरोलीच्या जंगलातला गोंड वृद्ध सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत म्हातारीची बाज पाहतो आणि मागच्या तिघांत ती पळवू पाहणारे चोर. तो खोटे बोलतो काय? मुळीच नाही. आकाशात खरोखर सुतळीने विणलेली बाज आहे, असे त्याचे म्हणणे नाही. आवाक्याबाहेरच्या गोष्टीला घरातल्या वस्तूचे नाव देऊन तो तिच्याशी नाते जोडतो. 'अवकाशात असा आवाज येतो' असे म्हणून कोणी यंत्राचा घुमारा विकला, तर ते असत्य होय. पण 'त्या अफाट पोकळीपुढे उभे राहिल्यावर आम्हाला असे वाटले' एवढेच सांगायचे असेल, तर ते प्रामाणिक सादृश्य होय. असत्य सुरात नसते; ते त्या सुराविषयी केलेल्या दाव्यात असते.

दुसरा आक्षेप असा की, यंत्राला श्वास नाही, म्हणून त्याला भक्तीही नाही. हा आक्षेप नवा नाही. पायपेटी ही परदेशी, तिला मींड येत नाही, म्हणून १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने तिला बंदी केली होती. आज तीच पेटी भजनी मंडळांत आणि आमच्या मंदिरांतही आहे, आणि ती परकी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. ऑर्गनमध्ये तरी माणसाचा श्वास कुठे असतो? भात्याचाच वारा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव केला आणि इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले; अट एवढीच की, ती पवित्र उपयोगाला अनुरूप असावीत. वाद्य लाकडाचे की विजेचे, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या जिल्ह्यांत माणसे तेंदूपत्ता आणि मोहफुले वेचून वर्षाची तोंडमिळवणी करतात, तिथे अवकाशाच्या संगीताची चैन कोणासाठी? या प्रश्नाला हसून वाटेला लावता येणार नाही. परंतु केरळातील थुंबा गावाचे उदाहरण आठवावे. चुंबकीय विषुववृत्ताजवळची ती जागा अग्निबाणांसाठी हवी होती आणि तिथे संत मेरी मॅग्दालेनाचे मंदिर व कोळ्यांची घरे होती. डॉ. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी तो प्रश्न भाविकांपुढे ठेवला आणि गरीब कोळ्यांनी होकार दिला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. ते मंदिर आज अवकाश संग्रहालय आहे. गरिबाला केवळ भाकरीच कळते, असे समजणे हा त्याचा अपमान आहे. आकाशाकडे पाहण्याचा हक्क त्यालाही आहे. बाज आणि चोर यांची कथा त्यानेच तर रचली. मात्र त्याची भाकरी काढून घेऊन कोणी त्याला आकाश दाखवू नये, हेही तितकेच खरे.

मग तरुणांना काय सांगावे? गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा त्यांनी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवले. संगीताचा हेतू काय, असे केज यांनी विचारले. मन शांत करून त्याला दैवी प्रभावासाठी मोकळे करणे, हे आपल्या गुरूंकडून मिळालेले उत्तर गीताबाईंनी त्यांना दिले. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटते. कीबोर्डची ती कळ दाबण्यापूर्वी तरुणांनी स्वतःला विचारावे: हा सूर थांबल्यावर मंदिरात काय उरेल? सुरानंतरची शांतता अधिक गहिरी झाली, तर तो सूर योग्य ठिकाणी वाजला. परंतु पवित्र भोजनानंतरचे दोन मिनिटांचे मौन असह्य होते म्हणून ते भरून काढण्यासाठी कळ दाबली जात असेल, तर वाद्य कितीही जुने वा सोवळे असले तरी ते अडथळाच. हा नियम पेटीलाही लागू आहे, ढोलकीलाही आणि, स्पष्टच सांगायचे तर, आम्हा धर्मगुरूंच्या लांबलेल्या प्रवचनांनाही.

सप्टेंबर १९७७ मध्ये व्हॉयेजर-१ हे यान पृथ्वीवरून निघाले. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यातील संगीतही सादृश्यानेच, खाचांच्या वळणांत कोरलेले आहे. त्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. यान निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. जिथे एक स्वरही उमटू शकत नाही, अशा पोकळीतून ती भैरवी आजही पुढे चालली आहे. तिथे ती कुणाला ऐकू येत नाही, तरी ती खोटी ठरत नाही. ऐकणारा कुठेतरी असेल या आशेवर ती पाठवली गेली. प्रार्थना करणारा माणूसही निःशब्द आकाशाकडे तोंड करून याहून वेगळे काय करतो? फरक इतकाच की, त्याच्या दृष्टीने ऐकणारा दूर नसतो.

चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या झगमगाटात तारे फिके पडतात. पण एटापल्ली, भामरागडकडच्या गावांत अजून काळोखी रात्र आहे. आमच्या कुटुंबांनी एखाद्या संध्याकाळी दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद करून मुलांसह अंगणात बसावे, त्यांना सप्तर्षी दाखवावेत आणि काही वेळ कोणीच बोलू नये. त्यानंतर कोणते वाद्य वाजवावे, हे मुले स्वतःच ठरवू शकतील, असा आम्हाला विश्वास वाटतो.