मोठा वारा आणि आपले बुडालेले



योम किप्पूरच्या दिवशी मिन्हाच्या तेफिल्लात योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचले जाते. उपासाने तोवर घसा कोरडा पडलेला असतो आणि पुष्कळांचे लक्ष घड्याळाकडे असते. त्यामुळे त्या कथेतील मासा सर्वांच्या लक्षात राहतो, पण ज्या वादळापासून ती सुरू होते ते निसटून जाते. सध्या माझा मुक्काम मुलाकडे, बहरीनमधील सनद या गावी आहे. (मराठीत सनद म्हणजे सरकारी हक्काचा कागद, इथे ते गावाचे नाव आहे. समुद्रापासून अभय देणारी सनद मात्र कोणालाच मिळालेली नाही.) गाव तुबली खाडीच्या काठी आहे. सभोवार समुद्र असल्यामुळे वादळाचा विषय मनात घोळू लागला, म्हणून हे चार शब्द.

मी भूगोल शिकवीत असताना मुलांचा एक प्रश्न ठरलेला असे: हरिकेन मोठे की टॉर्नेडो? हरिकेन, टायफून आणि आपले चक्रीवादळ ही एकाच जातीच्या वादळाची वेगवेगळ्या समुद्रांवरील नावे आहेत. समुद्राचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंत तापले म्हणजे त्याच्या वाफेवर हे वादळ पोसले जाते. त्याचा घेर शेकडो किलोमीटरांचा आणि आयुष्य कित्येक दिवसांचे. टॉर्नेडो ही गडगडाटी ढगाच्या पोटातून निघून जमिनीला टेकणारी सोंड. तिची रुंदी बहुधा काहीशे मीटर किंवा त्याहूनही कमी, आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. कोकणात वैशाखात अंगणातला पाचोळा गरगर फिरवणारी वावटळ म्हणजे टॉर्नेडो नव्हे. वावटळीला ढग लागत नाही, तापलेली जमीन पुरते.

वाऱ्याचा वेग पाहिला तर टॉर्नेडो पुढे आहे. ३ मे १९९९ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका टॉर्नेडोतील वारा रडारने मोजला, तो ताशी ४८० किलोमीटरांच्या आसपास भरला. हरिकेनची सर्वांत वरची, म्हणजे पाचवी श्रेणी ताशी २५२ किलोमीटरांपासून सुरू होते. पण एकूण शक्ती आणि प्राणहानी पाहिली तर उत्तर उलटे येते. आजच्या बांगलादेशात नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळ आले. त्यात किमान तीन लाख माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याने. त्याच देशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर आणि साटुरिया भागात टॉर्नेडो झाला. त्यात सुमारे तेराशे माणसे दगावली. ज्ञात टॉर्नेडोंमध्ये सर्वांत प्राणघातक तोच मानला जातो.

मुलांना एवढे उत्तर पुरत असे. पण धर्मदृष्टीने पाहणाऱ्याने आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. तो आहे अवधीचा. चक्रीवादळ आधी कळवून येते. उपग्रहातून ते दिसते, त्याला नाव मिळते, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. टॉर्नेडोच्या बाबतीत, जिथे उत्तम यंत्रणा आहे तिथेदेखील लोकांना साधारण दहा-पंधरा मिनिटेच मिळतात, आणि कित्येकदा तीही नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. योनाच्या पुस्तकात परमेश्वराने समुद्रावर जो वारा पाठविला त्याला मूळ हिब्रूत ‘रुआह गेदोला’, म्हणजे मोठा वारा, असे म्हटले आहे. इयोबाच्या पहिल्या अध्यायात वाळवंटाकडून येऊन घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळणारा आणि इयोबाच्या मुलाबाळांना त्या घराखाली गाडणारा जो वारा आहे, त्यालाही हेच दोन शब्द आहेत. शब्द सारखे, पण प्रसंग किती निराळे! योनाच्या जहाजावर अवधी होता. खलाशांनी माल समुद्रात फेकला, आपापल्या देवांचा धावा केला, वल्ही मारून किनारा गाठण्याची शिकस्त केली. त्या वेळी झोपला होता तो एकटा संदेष्टा, आणि त्याला उठविले ते परधर्मी कप्तानाने! ते सारे खलाशी वाचले, हेही पाहा. इयोबाच्या मुलांना मात्र क्षणाचाही अवधी मिळाला नाही. ती जेवायला बसली होती.

अवधी मिळूनही झोपून राहणे हा दोष आहे, आणि तो आपल्या काळातही दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. नौगावकर, केहिमकर, चेऊलकर, रोहेकर अशी आडनावे ज्या गावांवरून पडली, तो हा आपला मुलूख. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळे या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पिढ्यानपिढ्यांची झाडे तासाभरात गेली. पोफळ पुन्हा उत्पन्न देऊ लागायला किती वर्षे लागतात हे कोकणी माणसाला सांगायला नको. पण किनाऱ्यावरील लोकांना आधीच हलविले होते, तेही करोनाच्या टाळेबंदीत, आणि महाराष्ट्रातील मृत्यू दहाच्या आत राहिले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आले. सूचना तेव्हाही आधी मिळाली होती. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा तराफा माणसांसह समुद्रातच राहिला, आणि तो बुडून सत्तरांहून अधिक कामगार गेले. ते बिचारे झोपले नव्हते. झोप दुसऱ्याच कोणाला तरी लागली होती.

मिश्नाच्या बेराखोथ भागात एक कठोर नियम आहे. गावात शिरताना कोणी आक्रोश ऐकला आणि ‘देवा, हे माझे घर नसो’ असे म्हणाला, तर ती व्यर्थ प्रार्थना होय. जे घडून गेले ते प्रार्थनेने फिरत नाही. शिवाय तिच्या पोटी दुसऱ्याचे घर असो ही इच्छा लपलेली असते. प्रार्थना बावटा चढल्यावर करावी, आणि तिच्याबरोबर दावणीची गुरे सोडावी, म्हाताऱ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत न्यावे. सनदच्या किनाऱ्यावर तिवरांचे रान राखीव ठेवले आहे. लाटेचा जोर मोडणारी ही झाडे तोडून नंतर लाटेबद्दल गाऱ्हाणे करणे हेही मला त्या व्यर्थ प्रार्थनेच्या जातीचेच वाटते.

परंतु ज्या वाऱ्याने अवधीच दिला नाही त्याचे काय? अरबी समुद्रातील चक्रीवादळे सहसा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरत नाहीत. २००७ साली गोनूने ओमानला झोडपले, पण बहरीन दूर राहिले. असे असूनही या आखातातले लोक १९२५ हे साल विसरलेले नाहीत. अरबीत त्याला बुडण्याचे वर्ष म्हणतात. मोत्यांच्या हंगामात पाणबुड्यांच्या होड्या समुद्रात असताना रात्री अचानक वादळ उठले आणि होड्याच्या होड्या माणसांसह तळाशी गेल्या. त्यांना कोण बावटा दाखविणार होते?

अशा मृत्यूनंतर आपल्यातलाच कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, ‘काहीतरी पाप घडले असेल.’ पुरावा म्हणून योनाचे नाव पुढे केले जाते. पण योनाच्या वादळाचे कारण शास्त्रानेच सांगितले म्हणून आपल्याला कळले. दौलतपूरच्या वाऱ्याबद्दल कोणत्या संदेष्ट्याने काय सांगितले आहे? इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते उत्तम वागले. शोक करणारा बोलेपर्यंत आपण बोलू नये ही शिवाची रीत आपण त्यांच्यापासूनच घेतली. आठव्या दिवशी ते पापाचा हिशेब मांडू लागले, आणि शेवटी परमेश्वराचा कोप इयोबावर नव्हे, त्यांच्यावर झाला. तोही परमेश्वर इयोबाशी बोलला ‘सआरा’मधून, म्हणजे तुफानातून. ज्या एलियाहू हन्नाबीचे नाव आपण मलिद्याच्या वेळी घेतो, तो स्वर्गात गेला त्या तुफानालाही हाच शब्द आहे. परंतु त्याच एलियाहूला होरेब पर्वतावर डोंगर फोडणारा वारा दाखवून, परमेश्वर त्या वाऱ्यात नाही असेही शिकविले गेले. तेव्हा वाऱ्याने कोणाला नेले यावरून देवाचा निवाडा वाचू पाहणे एलियाहूच्या भक्तांना शोभत नाही.

आणि आपण कोण, हेही आठवावे. आपली परंपरा सांगते की पूर्वजांचे जहाज नौगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्या चौदा जणांबद्दल आपण परमेश्वराचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. पण जे वाचले नाहीत तेही त्याच जहाजावर होते, तीच तेफिल्ला म्हणत होते. त्यांच्यात मुलेही असतील. त्यांची प्रेते किनाऱ्याला लागली ती नौगावला पुरली, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे, असे मानतात. त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत आणि मृत्यूचा दिवसही ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या नावाने वर्षाचा दिवा लावला जात नाही. योम किप्पूरला योना वाचून झाल्यावर हज्जानसाहेबांनी त्यांच्यासाठी एक हश्काबा म्हणावी, अशी माझी सर्व सिनेगॉगच्या मंडळींना विनंती आहे. आणि आपल्यापैकी जो कोणी या हिवाळ्यात मुंबईला जाईल त्याने अलिबागची फेरी करावी, नौगावच्या त्या जागी जावे आणि आपल्या रीतीप्रमाणे एक खडा ठेवून यावा.